आधीच सजवलेली खोली

चैत्र संपत आला की सोलापुरात दुपारी भिंतीला हात लावायची सोय राहत नाही. नळाचं पाणी चहाचं आधण ठेवल्यासारखं येतं, तेही ज्या दिवशी येईल त्या दिवशी. या दिवसांत लोकांना आंबा आठवतो, मोगरा आठवतो, कूलरच्या वाळ्याचा ओला वास आठवतो. मला वितळलेल्या गोंदाचा वास आठवतो. ग्लू गनमध्ये पांढरी कांडी घालतात, ती तापून तिच्या तोंडातून तार सुटते, त्या गोंदाचा. जळक्या प्लॅस्टिकचा आणि आत कुठेतरी गोडसर. परवा शेजारी कुणाच्या तरी वाढदिवसाची तयारी चालली होती आणि तो वास खिडकीतून थेट आत आला. मी खिडकी लावून घेतली. वैशाखाच्या तोंडावर भर दुपारी खिडकी लावून घामाघूम बसणारी बाई वेडीच म्हणायची, पण मला उकाडा चालतो, तो वास चालत नाही.

मी शाळेत कार्यानुभव शिकवते. म्हणजे पुठ्ठा, कात्री, डिंक, लोकर, रिकाम्या काडेपेट्या. 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द मी आयुष्यात इतक्यांदा उच्चारलेत की आता ते कुणी म्हटले तरी मला उबग येतो. माझ्या घरात पलंगाखाली पाय ठेवायला जागा नसते, सगळी खोकी. आणि नातेवाइकांत एकजण कलाकार असला की त्याचं काय होतं ते सांगायला नको. गौरीची आरास, डोहाळजेवणाची कमान, बारशाचा पाळणा. 'हिच्या हातात कला हाय' म्हणायचं, एक चहा पाजायचा आणि काम काढून घ्यायचं. मीही काही साधी नाही. मला ते वाक्य ऐकायला आवडायचं. ते ऐकण्यासाठी मी चार-चार दिवस मान मोडून बसलेली आहे.

चार उन्हाळ्यांपूर्वी सुट्टी लागली त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण. शेती मोहोळला, पण दोन्ही मुलगे सोलापुरात धंद्याला लागले तशी तिनंही इथंच घर केलं. थोरल्या मुलाची, अमोलची बायको पल्लवी, सांगोल्याची. तिला सहा वर्षांची एक मुलगी होती आणि आता पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना सरत आला होता. तर बाळासाठी खोली सजवायची होती. नुसती नाही, थीमची. फोनवर कुठल्या तरी परदेशी घरातल्या खोल्या आक्काने पाहिल्या होत्या आणि थीम हा शब्द तिच्या तोंडात असा बसला होता की जणू मोहोळच्या बाजारात तो किलोवर मिळतो. थीमवाली माणसं फार पैसे सांगतात, तेव्हा तू स्वस्तात करून दे की, असं म्हणाली. थीम ठरलेली होती. राजकुमार. किल्ला, घोडा, मुकुट, ढग, चांदण्या, आणि सगळं निळं.

मी हो म्हटलं. उत्साहाने म्हटलं.

तो उन्हाळा मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो आणि प्रत्येक तुकडा चिकट आहे. ढगांसाठी पिंजलेला कापूस आणला होता. घामाने ओल्या हातांना तो कोपरापर्यंत चिकटायचा, पापण्यांना चिकटायचा, चहाच्या कपात तरंगायचा. थर्माकोल कापताना त्याचे दाणे उडून मानेवर बसायचे, चोळले की आणखी पसरायचे. फोमच्या निळ्या शीटला रबरी वास यायचा, त्याने दुपारच्या जेवणावरची वासना उडायची. भाकरीवरच्या शेंगाच्या चटणीत एकदा चमकी सापडली, ती मी बोटाने काढून तशीच जेवले. भंगारवाल्याकडून मी चादरीच्या मागावरची जुनी पुठ्ठ्याची कार्डं आणली होती. नक्षी विणायला त्यांना भोकंच भोकं पाडलेली असतात. मागे दिवा ठेवला की भिंतभर चांदण्या पडतात, ही माझीच कल्पना. त्या कार्डांना तेलाचा आणि उंदरांचा वास होता. मी ती ओल्या फडक्याने पुसली, उन्हात घातली, निळी रंगवली. जुन्या मोज्यांचे घोडे केले, आत कापडाची कात्रणं भरून. बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यावरच्या सोनेरी कागदाचा मुकुट केला. पाळण्यावर टांगायचं चिमणाळं केलं. त्यात चिमण्यांच्या जागी घोडे, कारण थीम. हे सगळं करताना मी गुणगुणत होते, ही गोष्ट मला आज सगळ्यात जास्त खुपते.

सामान लावायला आक्काकडे गेले तेव्हा भिंतीला निळा रंग नुकताच दिलेला होता. खोली आधी पल्लवीच्या थोरल्या मुलीची होती. ती सुट्टीला सांगोल्याला आजोळी गेली होती, म्हणून 'आत्ताच उरकून घिऊ' असं ठरलं. दाराच्या बाजूच्या भिंतीवर तिनं खडूने एक सूर्य काढला होता, डोळे आणि मिशा असलेला. मला तो माहीत होता, कारण त्याला मिशा काढायला मीच शिकवलं होतं. दोन हात देऊनही त्याची पिवळी कड निळ्याखालून दिसत होती. आक्का म्हणाली, तिथं तुझा किल्ला लाव, झाकून जाईल.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे पोटातल्या जिवासाठी आधी काही करत नाहीत. झबलं शिवत नाहीत, टोपडं विणत नाहीत, पाळणा तर माळ्यावरून खालीही काढत नाहीत. जीव सुखरूप मांडीवर आला की मग. आला तरी पहिले काही दिवस त्याला जुन्या धोतराच्या, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यांत गुंडाळायचं, नवं कापड अंगाला लावायचं नाही. ही रीत पाळण्यात आक्काइतकी कडक बाई मी पाहिलेली नाही. पल्लवीच्या पहिल्या वेळी मी आठव्या महिन्यात हौसेने एक झबलं शिवून नेलं होतं, तर तिनं मला उंबऱ्यातूनच ते परत पिशवीत घालायला लावलं होतं. लेकरू मांडीवर येऊ दे, मग आन, असं म्हणून वर माझ्या अकलेचा उद्धार केला होता.

आणि तीच आक्का पाचव्या महिन्यात खोली रंगवून, घोडे टांगून घेत होती.

मी तिची चेष्टा केली. म्हटलं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी असंही सुचवलं की घोडे-मुकुटाच्या बाजूला थोडी पाखरं, थोडी फुलं करते, म्हणजे कुणीही आलं तरी खोली शोभेल. आक्का हसली नाही. ती खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "यंदा तसलं काय न्हाय. यंदा सगळं बघूनच चाललंय. तू निळंच कर."

मला वाटलं, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं असेल. माणूस किती सहज काहीही वाटून घेतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुलावर उभी राहून छताला चांदण्या लावत होते. पल्लवी पलंगावर बसून मला एकेक चांदणी वर देत होती. कूलर बंद होता, कारण वाऱ्याने कापूस उडायचा. आक्का बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. पल्लवी मुळातच कमी बोलणारी. शेतकऱ्याघरची मुलगी, डाळिंबाच्या बागेत वाढलेली, हात कामाचे. चांदणी माझ्या हातात देता देता ती म्हणाली,

"मावशी, मागल्या दोन टायमाला कुणी भितीला रंग दिला न्हाय."

आवाज अगदी साधा होता. दूध नासलंय म्हणून सांगावं तसा.

मागच्या दोन वेळा म्हणजे काय ते मला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं मी समजत होते. थोरल्या मुलीनंतर पल्लवीला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात 'राहिलं न्हाय'. दोन्ही वेळा मी भेटायला गेले होते, फळं घेऊन. तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. देवाची मर्जी, असंही म्हणाले होते. आणि दोन्ही वेळा त्याच्या आधी थोडेच दिवस घरातले सगळे गाडी करून राज्याच्या सीमेपलीकडे देवदर्शनाला जाऊन आले होते. परत आले तेव्हा मी प्रसाद कुठाय म्हणून विचारलंही होतं. आक्का म्हणाली होती, गर्दीत मिळाला न्हाय. या वेळीही ते जाऊन आले होते. या वेळी मात्र पेढे आले होते, डबाभर, आणि मी त्यातले तीन खाल्ले होते.

सोनोग्राफीच्या प्रत्येक दवाखान्यात पाटी असते. इथं मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही, सांगणं गुन्हा आहे. आम्ही सगळ्यांनी ती वाचलेली आहे. शाळेत त्या विषयावर मी मुलांकडून भित्तिपत्रकं करून घेतलेली आहेत आणि एका वर्षी त्यांना बक्षीसही मिळालेलं आहे.

माझ्या हातात ग्लू गन होती. तिच्या तोंडाशी गोंदाचा थेंब जमत होता, तो अंगठ्यावर पडला आणि चर्र झालं. पल्लवी माझ्याकडे पाहत होती. तिला मी काहीतरी विचारायला हवं होतं. निदान खाली उतरून तिच्याजवळ बसायला हवं होतं.

मी चांदणी चिकटवली. मग दुसरीसाठी हात खाली केला, आणि तिनं ती दिली.

त्या दिवशी घरी आले तेव्हा पाण्याचा दिवस नव्हता. पिंपात उरलेलं पाणी तांब्या-तांब्याने घेऊन मी हात धुतले. गोंद पाण्याने जात नाही. तो नखाने सोलून काढावा लागतो आणि त्याबरोबर कातडीचा पापुद्रा येतो. मी मोरीत बसून बराच वेळ तेच करत राहिले. जिभेवर पेढ्याची चव आल्यासारखी वाटली, महिना उलटून गेला होता तरी.

तुम्ही म्हणाल, मग पुढचं काम टाकून द्यायचं होतंस. नाही टाकलं. कारणं माझ्याकडे पुष्कळ होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. झालं ते होऊन गेलं, बोलून ते परत येणार आहे का. आता पाचवा महिना, पल्लवीला त्रास नको. अमोलवर केस झाली तर घर बसेल. शाळेत माझ्याबद्दल काय बोलतील. एकेक कारण घासून पुसून मी असं मांडलं होतं की माझ्या हातातली कला तिथंही कामाला आली. मूग गिळून बसणं म्हणतात, पण मी बसलेही नाही. मी किल्ला पूर्ण केला. त्याला खिडक्या कापल्या, खिडक्यांना पडदे लावले. चिमणाळ्यातला एक घोडा तिरपा लटकत होता तर त्याच्या पोटात पुन्हा कात्रणं भरून त्याचा तोल साधला. काम चांगलं व्हावं असं मला वाटत होतं. किळस येते ती याची. आक्काचं मला समजतं, तिला काय हवं होतं ते तिला ठाऊक होतं. माझं मला समजत नाही.

श्रावण संपता संपता मुलगा झाला. बारशाला खोली पाहायला बायकांची रीघ लागली. दिवा लावला की भिंतीवर चांदण्या पडतात हे आक्का प्रत्येकीला दार बंद करून दाखवत होती. सगळं घरच्या घरी, टाकाऊ वस्तूंतून केलंय, असंही सांगत होती. माझी ओटी भरली, भारीतली साडी दिली. कुणीतरी मला त्या किल्ल्यासमोर उभं करून फोटो काढला. थोरली मुलगी शाळेसाठी जूनमध्येच सांगोल्याहून परतली होती, मी दिसताच ती माझा पदर धरून माझा सूर्य कुठं गेला म्हणून विचारत होती. मी तिला म्हटलं, किल्ल्यात झोपलाय. एका खोट्यावर दुसरं रचायला मला फारसा वेळ लागत नाही, असं दिसतं.

आणि ते बाळ. त्याचा काय दोष. काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या, अंगाला दुधाचा वास. माझ्या मांडीवर दिलं तेव्हा ते जांभई देऊन झोपून गेलं. मला त्याचा राग येईल अशी भीती वाटत होती, तो आला नाही. मी त्याला पाहत होते आणि मनात दोन आकडा येत होता. नुसता दोन. त्यांना ना झबलं, ना जुन्या लुगड्याचं फडकं. पल्लवी समोर बसून येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू लावत होती. माझ्या कपाळाला बोट लावताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मी आरास करणं सोडलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगते. कुणी फोनवर नवजात बाळांच्या सजवलेल्या खोल्या दाखवल्या की मला भिंतीचा रंग पहिल्यांदा दिसतो आणि मनात येतं, यांनी हा कधी ठरवला. बहुतेकांनी जन्मानंतरच ठरवला असेल, बिचाऱ्यांनी. पण मला आता सरळ पाहता येत नाही. कापसाचे ढग पाहिले की मान खाजते.

या वर्षी संक्रांतीला आक्काकडे हळदीकुंकू होतं. गड्ड्याची जत्रा भरलेली, रस्त्यांवर गर्दी, मी रिक्षा सोडून अर्धं अंतर चालत गेले. धाकट्या मुलाचं लग्न दीड वर्षापूर्वी झालेलं. त्याची बायको शीतल बायकांना तिळगूळ देत होती. आक्काने मला स्वयंपाकघरात ओढलं. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग शाळेची, मग निवृत्तीला किती राहिलं त्याची. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय जुनीच. शेवटी म्हणाली की शीतलला चौथा लागलाय, देवाच्या कृपेने या घरात पहिली खेप पोराची झाली तर बरं, आणि तुला पुन्हा एकदा खोली करायची आहे. डोळ्यांचं नाटक पुरे झालं, असंही म्हणाली.

मी विचारलं, रंग कुठला.

"थांब की. पुढल्या आठवड्यात पलीकडं जाऊन येतो. मग सांगते."

मग जे झालं ते वासामुळेच. स्वयंपाकघरात तीळ भाजल्याचा वास होता, गुळाचा पाक होता, आणि त्या सगळ्यातून मला वितळलेला गोंद आला. फार शूर होऊन बोलले असं नाही. ओकारी आली की तोंड उघडावंच लागतं तसं उघडलं.

"आक्का, आपण दोघी बहिणी. आईला मुलगा नव्हता. आपल्या वेळी ही सोय असती तर तू राहिली असतीस, तू थोरली. मी नसते."

मी पुढचंही बोलले. तुम्ही गेलात तर मी तक्रार देणार, गाडीचा नंबर देणार, तुझं नाव देणार, अमोलच्या वेळचं सगळं सांगणार आणि त्यात माझंही नाव घालणार. हे मी हळू आवाजात बोलले, तरी दारात हळदीकुंकवाचं तबक घेऊन शीतल उभी होती आणि तिच्यामागे पल्लवी. पल्लवीने शीतलच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि तिला पाटावर बसवलं. बाहेर बायका उखाण्यांवर हसत होत्या.

आक्का एवढंच म्हणाली, "माज्या घरात पुन्हा पाय ठिवू नको."

मी चपला घालून निघाले. गर्दीतून चालत घरी आले. हलकं वगैरे काही वाटलं नाही. वाटलं ते इतकंच की मला हे रंग ठरायच्या आधी कळलं म्हणून मी बोलले. जाऊन आल्यावर, पेढे वाटल्यावर कळलं असतं, तर कदाचित मी पुन्हा कात्री घेऊन बसले असते. आणि पल्लवीच्या वेळचं शहाणपण मला चार वर्षं उशिरा सुचलं. जन्माला न आलेल्या त्या दोघींना त्याचा काही उपयोग नाही.

पंधरा दिवसांनी शीतलचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता, म्हणजे मोरीतून बोलत असावी. एकच वाक्य बोलली. "मावशी, आमी न्हाय गेलो." मग पल्लवीने फोन घेतला, "मी हाय हिच्याजवळ" म्हणाली. लगेच तिनं फोन ठेवला.

आक्का माझ्याशी बोलत नाही. पाडव्याला फोन नाही, साखरेची गाठी नाही. नातेवाइकांत तिनं काय सांगितलंय मला ठाऊक नाही, पण लग्नांची आमंत्रणं कमी आलीत. ऊन असं तापलंय की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. कधीमधी पल्लवीचा मेसेज येतो, शीतल बरी हाय, एवढाच. मी हिशेब बोटांवर मोजत असते. शीतलला सातवा लागलाय. तिच्या घरात कुठल्याच भिंतीला रंग दिलेला नाही, कुणी काही शिवलेलं नाही, काही टांगलेलं नाही, आणि पोटात काय आहे ते कुणालाच माहीत नाही.